‘तिठा’चा पहिला अंक आणि एक राहिलेली सही

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी ठाण्यात बँकेत होतो आणि जुन्या वाङ्मयीन मासिकांचे पहिले अंक जमवायचो, तेही लेखकांच्या सह्या असलेले. पन्नाशीच्या दशकात कल्याणहून निघालेलं ‘तिठा’ मला कुठेच मिळत नव्हतं. एका शनिवारी उल्हासनगरच्या रद्दीवाल्या लछूशेठचा फोन आला आणि रविवारी सकाळीच मी निघालो.

त्यांचं दुकान कॅम्प तीनमध्ये. तिकडे गेलात तर आधी दाल-पकवान खा; दहानंतर संपतं. लछूशेठनी अंक पुढे ठेवला. “ये देखो साहेब, पहिला नंबर. सह्या पण आहेत.”

पाच कवींच्या सह्या होत्या. सहावी नव्हती. कविता होती, खाली नाव ‘कु. वत्सला दामले’, आणि बाजूला कोरी जागा. माल कुठून आला विचारलं, तर अंबरनाथच्या बुवापाड्यातून, भोईर नावाच्या, पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्या कंपोझिटरकडून.

शेअर रिक्षानं अर्ध्या तासात बुवापाडा. भोईरकाका चाळीच्या ओट्यावर बसले होते. “मना दिसत नाय आता, म्हणून दिला इकून,” ते म्हणाले. हा अंक त्यांनीच जुळवला होता. वत्सलेचं नाव काढल्यावर म्हणाले, “माझ्या हातून चूक झाली. तिनं लिवलं व्हतं, ‘उंबऱ्याबाहेर एकदा मी गाईन.’ मी ‘जाईन’ छापलं. ग-चा ज. तिचा बाप प्रेसमधी आला, मालकाला नाय नाय ते बोलला. माझी नोकरी गेली, पोरीचं लगीन पंधरा दिवसांत लावलं. मी हितं कारखान्यात लागलो.”

“त्या आता कुठे असतात?”

“बदलापूरला, बेलवलीत. नवरा आमच्याच कारखान्यात साहेब व्हता. कंदी तोंड दाखवलं नाय मी.”

बदलापूर पुढचंच स्टेशन. बाहेर तेव्हा टांगे मिळायचे. बेलवलीत दुमजली इमारतीत वत्सलाबाईंनी दार उघडलं. साठीला आलेल्या, डोळ्यांवर चष्मा. अंक हातात घेतला आणि तिथेच खुर्चीवर बसल्या. आपलं पान उघडून त्यांनी कविता वाचली. मी भोईरकाकांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ग-चा ज, नोकरी, सगळं.

“नोकरी गेली त्यांची?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो.”

“चूक त्यांची नव्हती हो. मी ‘जाईन’च लिहिलं होतं. मुंबईला जाऊन शिकायचं होतं मला. वडिलांनी कविता वाचली आणि हात उगारला. तेव्हा मी म्हटलं, मी ‘गाईन’ लिहिलं होतं, छापणाऱ्यानं चुकवलं.”

“नंतर कधी लिहिलंत?”

“नाही. राहूनच गेलं.”

त्या उठल्या, चपला घातल्या आणि आत वळून म्हणाल्या, “अहो, मी अंबरनाथला जाऊन येते.”

आतून यजमानांचा आवाज आला, “आत्ता? कुणाबरोबर?”

“आत्ता. आल्यावर सांगते.”

आम्ही परत बुवापाड्यात पोचलो तेव्हा भोईरकाका जेवून ओट्यावर येऊन बसले होते. वत्सलाबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. “मी वत्सला. दामल्यांची. तुम्ही बरोबर छापलं होतंत. खोटं मी बोलले.”

काका म्हणाले, “म्हंजे खिळे बरोबर लावले व्हते मी.”

“बरोबर लावले होते.”

“बस, ताई. चा घे.”

चहा झाल्यावर वत्सलाबाईंनी माझ्याकडून पेन घेतलं आणि कोऱ्या जागेत माहेरच्या नावानं सही केली. अंक ठेवून जाऊ का, असं मी दोघांनाही विचारलं. काका म्हणाले, दिसत नाही, काय करू. बाई म्हणाल्या, घरी नको. मग मीच तो घेऊन संध्याकाळी ठाण्याला आलो.

सहाही सह्यांचा ‘तिठा’ आजही माझ्या कपाटात आहे. त्यातल्या बाकीच्या पाच जणांची पुढची पुस्तकं मी शोधून शोधून वाचली. वत्सलाबाईंचं शोधण्यासारखं काहीच नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. तरी रद्दीच्या दुकानात जुनं मासिक हाताला लागलं की मी अनुक्रमणिका उघडतो आणि तिथे कु. दामले आहे का, ते बघतो.