उंबऱ्याबाहेरचा कापूस

बशीरचाचा जनावरांच्या खोलीत जाण्याआधी उंबऱ्यावर थांबत. आधी डोक्यावरची टोपी काढून झटकायची, मग सदरा काढून खुंटीला टांगायचा, मग ओल्या फडक्यानं मनगटापासून कोपरापर्यंत हात पुसायचे. शेवटी भिंतीवरच्या वीतभर आरशात बघत दाढीतले कापसाचे तंतू एकेक करून वेचायचे. तोवर आतून शिट्ट्या सुरू झालेल्या असत, कारण आतल्यांना त्यांची पावलं कळत. चाचा दाराशी तोंड नेऊन म्हणत, "ठहरो, आलो. कापूस घेऊन येऊ का आत?" चाळीस वर्षं कापूस पिंजून पोट भरलेल्या माणसाच्या घरात एक खोली अशी होती, जिथं कापसाचा एक धागा जाऊ शकत नव्हता. मला ती आधी म्हातारपणाची लहर वाटली होती.

जुन्या नाशकात, भद्रकालीच्या भाजीबाजारापासून दोन गल्ल्या आत त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान. पिंजायला यंत्र होतं, तरी वडिलांच्या वेळची धनुष्यासारखी पिंजण भिंतीवर टांगलेली होती आणि येता-जाता ते तिची ताणलेली दोरी, तात, बोटानं छेडत. दुपारी दारातून उन्हाचा एक पट्टा आत शिरे आणि त्यात कापूस तरंगत राही. खाली बसत नसे, वर जात नसे. त्या पट्ट्यातून कुणी चालत आलं की स्वप्नातून चालत आल्यासारखं दिसे. दुकानामागे ती खोली, आणि खोलीच्या वर माडीवर मी भाडेकरू.

मी लासलगावची. माझे वडील बाजार समितीच्या आवारात हमालांची संघटना बांधत, त्यामुळे आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. अक्षरओळखही मला त्यांतूनच झाली. 'जागे व्हा' मला 'कमळ बघ'च्या आधी वाचता येत होतं. नाशकात एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम मिळालं, पण मनातून मी पत्रकं लिहिणारीच होते. त्यामुळे पहिल्याच दिवशी दुकानामागची खोली पाहिली आणि माझं डोकं फिरलं. भिंतीलगत दोन मोठे जाळीचे पिंजरे, चाचा त्यांना घरटी म्हणत, एकात दोन गिनिपिग, दुसऱ्यात एक हॅमस्टर. मी चाचांना सरळ सांगितलं की हा तुरुंग आहे, आणि तुम्ही कितीही प्रेमळ असलात तरी तुरुंगाचे जेलर आहात.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला टेकायला एक लोड सरकवला. "बरोबर बोलते तू, बेटा," ते म्हणाले. "मी यांना आणलं नाय. मी विकतही नाय. मुलांच्या सुट्ट्या संपल्या की लोक इथं दाराशी ठेवून जातात. आता तू सांग, दार उघडलं तर हे जाणार कुठं?" मी म्हटलं, निसर्गात. त्यांनी खिडकीतून गल्ली बघितली, दोन कुत्री बघितली, मोटारसायकली बघितल्या.

त्या खोलीचे त्यांचे कायदे होते. गिनिपिग एकटा ठेवायचा नाही, कारण तो एकटा असला की शिट्टी मारायची विसरतो. हॅमस्टर मात्र एकटाच ठेवायचा आणि दिवसा त्याला उठवायचं नाही. नर आणि मादी एकत्र नाहीत. प्रत्येक घरट्यात लपायला एक उपडा केलेला, बाजूला तोंड फोडलेला माठ. "लपायला जागा नाय ते घर नाय," असं ते म्हणत. कुरतडायला पेरूच्या काड्या, खायला दूर्वा आणि वाळलेलं गवत, रोज एक फोड ढोबळी मिरचीची. उन्हाळ्यात खिडकीला ओलं गोणपाट आणि पोटाखाली गार फरशी, कारण त्या जीवांना घाम येत नाही आणि नाशिकचा मे महिना त्यांना मारतो. आणि दुपार कलल्यावर असरची अजान झाली की पाणी बदलायचं. भांड्यात पाणी शिल्लक असलं तरी बदलायचं. "कालचं पाणी तू पिशील का?" मी पीत असे, पण तसं सांगितलं नाही.

नावं त्यांनी आपल्या धंद्यातली ठेवली होती. पांढरी मादी मलमल, ठिपक्यांची छींट, आणि हॅमस्टरचं नाव तक्क्या, कारण तो तसाच दिसे. एकदा मी लासलगावहून येताना कांद्याची कोवळी पात आणली, आमच्या शेजारच्यांच्या वाफ्यातली, खास मलमल आणि छींटसाठी. चाचांनी जुडी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "लय छान. पण हे त्यांना विष. हे आपण खाऊ." संध्याकाळी पातीची भाजी आणि दोन भाकरी माडीवर आल्या. वर निरोप होता की लासलगाववाल्यांना सगळ्या दुनियेला कांदा खायला घालायचा असतो.

तरी मी हट्ट सोडला नव्हता. रात्रंदिवस खाली चाललेल्या त्या शिट्ट्या मला कैद्यांच्या हाका वाटत. चैत्रात मी एक पत्रक लिहिलं. 'पिंजरे उघडा' असं त्याचं नाव. माझ्या आजवरच्या पत्रकांत ते सगळ्यात चांगलं उतरलं होतं. एकेक वाक्य मी मोठ्यानं म्हणून घासलं होतं. छापखान्यात फावल्या वेळात पाचशे प्रती काढल्या, प्राणी विकणाऱ्या दुकानांसमोर उभं राहून वाटल्या, फोनवरूनही पाठवल्या. एक प्रत चाचांना दिली. त्यांना मराठी सावकाश वाचता येई. ओठ हलवत त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, छापखान्यात कागदाचे कोरे काठ कापून टाकतात, ते मिळतील का? त्यांच्या पट्ट्या घरट्यात अंथरायला चांगल्या. "छापलेला भाग नको. शाई पोटात जाते." मी रागानं एक पोतं भरून काठ आणून दिले. माझ्या पत्रकाचा त्या खोलीला झालेला पहिला उपयोग म्हणजे त्याचा कोरा भाग.

महिनाभरानं, वैशाखातल्या एका दुपारी, सागर नावाचा एक मुलगा मला शोधत दुकानात आला. इंजिनीअरिंगला होता. चेहरा उजळलेला. म्हणाला, "ताई, तुमचं पत्रक वाचून दोन दिवस झोप लागली नाही. आज सकाळी आमचे तिन्ही गिनिपिग सोडून दिले. नदीकाठी, गवतात." आणि त्यानं फोनवर चित्रफीत दाखवली. हिरवं गवत, मागे गोदावरीचं पाणी, आणि गवतात तीन लहानसे जीव, अगदी स्तब्ध. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शब्दांनी एक दार उघडलं होतं. मी फोन घेऊन चाचांकडे धावले आणि म्हटलं, बघा, कसं शांतपणे उभे आहेत मोकळ्या हवेत.

चाचांनी हातातली सुई गादीत खोचली. फोन डोळ्यांजवळ धरला. "शांत नाय, बेटा," ते म्हणाले. "घाबरलेत. भीतीनं ते दगड होतात."

लग्नसराईचे दिवस होते. संध्याकाळपर्यंत एका घरच्या चार गाद्या द्यायच्या होत्या. चाचांनी दुकानाचं शटर ओढलं, भाजीबाजारातून कोथिंबिरीची जुडी घेतली, आणि ती प्लास्टिकच्या करकरीत पिशवीतच मागून घेतली. सागर पुढे, चाचा मध्ये, मी मागे. रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. मी मनात हिशोब करत होते की सकाळपासून सहा तास झाले, सहा तास उन्हात.

नदीकाठी सागरनं जागा दाखवली. गवत होतं, तीन जीव नव्हते. चाचा खाली बसले आणि त्यांनी ती पिशवी हलवली. नुसती हलवली, कोथिंबीर निवडताना होतो तसा आवाज. मग कान देऊन थांबले. पाच पावलं पुढे गेले, पुन्हा बसले, पुन्हा पिशवी. "घरात पिशवी वाजली की खायला मिळतं, एवढं त्यांना ठाऊक असतं," ते सागरला म्हणाले. "तुमच्या घरीपण वाजत असेल." सागरनं मान हलवली आणि मग तो रडायला लागला.

त्या दुपारची मला अजून स्वप्नं पडतात. पांढरं ऊन, पलीकडे धुणं आपटण्याचे आवाज, पाण्यावरून येणारी झळ, आणि एक म्हातारा माणूस पिशवी वाजवत, थांबत, पिशवी वाजवत काठानं चाललेला. कावळे त्याच्या मागून एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर येत होते. मी कुणाला हाक मारू शकत नव्हते, कारण मला त्यांची नावं माहीत नव्हती. ज्यांच्या मुक्तीवर मी दोन पानं लिहिली होती, त्यांना काय ऐकू येतं हेही मला माहीत नव्हतं.

ऊन कलल्यावर, बांधकामाच्या एका टाकून दिलेल्या सिमेंटच्या नळाजवळ, पिशवीला उत्तर आलं. एक बारीक, मोडकी शिट्टी. चाचा पालथे झोपले, हात आत घातला आणि एक तपकिरी मादी बाहेर काढली. कान फाटलेला, डोळे अर्धे मिटलेले. त्यांनी आपलं फडकं बाटलीतल्या पाण्यात भिजवून तिच्या पोटाखाली धरलं, दुसऱ्या हातानं कोथिंबिरीचं देठ तोंडाशी नेलं. बराच वेळ काही झालं नाही. मग ते देठ हळूच आत जायला लागलं.

उरलेले दोघे मिळाले नाहीत. अंधार पडेस्तोवर पिशवी वाजत राहिली.

सागर घरी गेल्यावर आम्ही घाटाच्या पायरीवर बसलो. मी वाट बघत होते की ते आता मला बोलतील, आणि बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मांडीवरच्या जीवाकडे बघत वेगळंच सांगायला सुरुवात केली. फार वर्षांपूर्वी पहिला हॅमस्टर दाराशी आला तेव्हा थंडी होती. त्यांनी विचार केला, आपल्याकडे देण्यासारखं काय आहे? दुकानातला सगळ्यात चांगला, लांब धाग्याचा कापूस त्यांनी त्या रात्री यंत्रावर न घालता हातानं पिंजला. वडिलांच्या पिंजणीवर. बोटभर गादी केली, बोटभर रजई केली. चार दिवसांनी त्याच्या मागच्या पायाला धागा गुंडाळलेला दिसला. पाय काळा पडला होता. त्यानं स्वतःच तो कुरतडायला सुरुवात केली होती.

"वाचला नाय," चाचा म्हणाले. "धागा लांब होता ना. चांगला कापूस म्हणजे लांब धागा. कमअस्सल असता तर तुटला असता."

नदीवर पलीकडचे दिवे लागले होते. मग ते म्हणाले, "तुझा कागदपण चांगला होता, बेटा. फक्त पाण्याची वेळ लिहायची राहिली."

त्या मादीचं नाव रफू ठेवलं. ती दोन आठवडे माठातून बाहेर आली नाही. तोवर मी दुसरं पत्रक लिहायला घेतलं आणि चाचा माझे संपादक झाले. मी वाचायची, ते टाके घालता घालता ऐकायचे. एखाद्या ठिकाणी हात वर करून म्हणायचे, "इथं गाठ हाय, काढ." गाठ म्हणजे बहुतेक माझं लाडकं विशेषण असे. पिंजून पिंजून शेवटी एक पान उरलं. वरच्या अर्ध्यात मला हवं ते होतं: हे जीव खेळणी म्हणून पैदा करणं आणि विकणं बंद झालं पाहिजे. त्यातला एक शब्दही त्यांनी कापला नाही. उलट म्हणाले, विकणाऱ्याला आणखी जोरात बोल. खालच्या अर्ध्यात त्यांचं होतं: जे आधीच तुमच्या घरात आहेत त्यांना सोडू नका, विसरूही नका. मग गवत, गारवा, सोबत, लपायची जागा, पाणी. कांद्याची पात वर्ज्य, हे त्यांनी माझ्याकडे बघत मुद्दाम घालायला लावलं. आणि सगळ्यात शेवटी, कापूस अंथरू नका. खाली सही म्हणून त्यांना काही नको होतं. मी विचारलं तर म्हणाले, "पिंजाऱ्यानं कापसाविरुद्ध लिवलं म्हणून बिरादरी हसेल."

कापूस त्यांच्या छातीत मात्र गेला होताच. उंबऱ्यावर इतकं झटकणारा माणूस, स्वतःच्या श्वासातून तो झटकू शकला नाही. यंदाच्या थंडीत खोकला वाढला आणि पंधरा दिवसांत ते गेले. मालेगावहून त्यांची मुलगी मुमताजबाजी आली. दुपारी बायका दुकानात बसल्या, चाचांनीच भरलेल्या गाद्यांवर. उन्हाचा पट्टा आत आला आणि त्यात कापूस तरंगत होता, जसा रोज तरंगायचा.

असरच्या नमाजानंतर त्यांना न्यायचं ठरलं होतं. अजान झाली. पुरुष उठले, गल्लीत पावलांचा आवाज झाला आणि तो हळूहळू दूर गेला. मी रडत नव्हते, नुसती बसले होते. मुमताजबाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मागच्या खोलीकडे मान वळवून म्हणाल्या, "अब्बूंची पाण्याची वेळ ना ही?"

मी उठले. कळशी भरली, कोथिंबिरीची पिशवी घेतली. पिशवी हातात वाजली असावी, कारण आतून एक शिट्टी आली, फाटक्या कानाच्या रफूची, सगळ्यांत मोठी. मग मलमल, मग छींट. त्यांच्या दृष्टीनं दिवस वेळेवर चालला होता.

मी दार उघडणार तेवढ्यात भिंतीवरच्या वीतभर आरशात मला मी दिसले. केसांत, भुवईवर, ओढणीवर, सगळीकडे पांढरं. मी कळशी आणि पिशवी खाली ठेवली. ओढणी काढून खुंटीला, त्यांच्या सदऱ्याशेजारी टांगली. फडकं भिजवून हात कोपरापर्यंत पुसले. मग आरशाजवळ जाऊन केसांतला एकेक तंतू वेचायला लागले. तो लांब होता, तुटत नव्हता. सावकाश, पुरा ओढून काढावा लागत होता.

"ठहरो," मी आतल्यांना म्हटलं. "आले."