मावशी लाइनवर आहे

माझ्या मावशीला कोंबड्यांची भीती वाटते. अंडं तर ती खातही नाही. तरी आज आमच्या शेडमध्ये कोंबड्या मोकळ्या फिरताहेत त्या तिच्यामुळे. असं म्हटलं की ती हात झटकते, "मी काय केलं? फोन केला." ते खरंच. जन्मभर तिने तेच केलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती ती. आवाज असा, की तिने तक्रार केली तरी जेवायला बोलावतेय असं वाटावं.

केक-बिस्किटं करणाऱ्या एका मोठ्या कंपनीने तेव्हा जाहीर केलं होतं, की अमुक वर्षानंतर आम्ही पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची अंडी वापरणार नाही. पाकिटावर गवतात उभी कोंबडीही छापली. आम्ही नवरा-बायको पिंजऱ्यांना आधीच विटलो होतो. पंख पसरता येऊ नयेत एवढ्या जागेत चार-चार जणी. कंपनीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं समजून आम्ही पिंजरे मोडीत काढले. खाली भुसा पसरला, बसायला दांड्या लावल्या, अंडी घालायला खोकी ठेवली. पहिल्या दिवशी एक कोंबडी पंख उघडून उभी राहिली ती मिटायचंच विसरली. मी तिथेच रडले.

ते वर्ष आलं आणि गेलं. कंपनी गप्प. मोकळ्या कोंबड्यांना जागा जास्त लागते, राबणूक जास्त, म्हणून अंडं महाग पडतं. व्यापारी मात्र पिंजऱ्याच्याच भावाने मागायचा. शेवटी नवरा म्हणाला, "आता पिंजरे परत आणावे लागतील, नाहीतर शेडच विकावी लागेल." पिंजरेवाल्याला सांगूनही झालं. दोन महिन्यांनी माल येणार होता.

मी कंपनीला फोन करून पाहिला होता. पण माझा राग नाकावर. दुसऱ्या वाक्याला मी ओरडले, तिसऱ्याला पलीकडच्या मुलीने फोन ठेवला. हे मावशीला सांगितलं तर ती मलाच हसली.

"अगं, आपण चिडलो की त्यांचं फावतं. नंबर दे इकडे."

आमच्या स्वयंपाकघरात स्टूल ओढून तिने फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर. "नमस्कार. तुमची अंडी पिंजऱ्याबाहेरची झाली का, एवढंच विचारायचंय."

मुलगी खात्रीने म्हणाली, "आम्ही अंडी पिंजऱ्यात ठेवतच नाही मॅडम, ट्रेमध्ये ठेवतो."

मी कपाळावर हात मारला. मावशीने मात्र तिला न हसता सांगितलं, पिंजऱ्यात अंडी नसतात, कोंबड्या असतात, आणि त्या कशा असतात. मुलगी म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं. विचारून सांगते. थांबाल?"

"थांबते की. मी लाइनवर आहे."

आणि ती थांबली. एक्स्चेंजमधला तिचा नियमच होता: हवं ते माणूस बोलेपर्यंत कॉल लागला म्हणायचं नाही. मग रोज सकाळी कंपनीचं तेच ते संगीत ऐकत ती मटार सोलायची. एका खात्याने सांगितलं, "प्रक्रिया सुरू आहे." दुसऱ्याने सांगितलं, "आम्ही कटिबद्ध आहोत." मावशी म्हणायची, "छान. म्हणजे शंभरातली किती अंडी?" आकडा विचारला की फोन पुढच्या खात्यात. तेव्हा तिने आपल्या जुन्या मैत्रिणींना कामाला लावलं. सगळ्या निवृत्त ऑपरेटर. एक-दोघींना ऐकू कमी यायचं, पण आवाज खणखणीत. एकीचा फोन संपला की दुसरीचा सुरू. शिवी नाही, धमकी नाही, फक्त "शंभरातली किती?" कंपनीत त्यांना म्हणे 'मावशी मंडळ' असं नाव पडलं.

शेवटी खरेदीप्रमुख स्वतः फोनवर आले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या आवाजातही कळत होत्या.

"बाई, तुम्ही आमचा केक खाता का?"

"नाही हो. त्यात अंडं असतं."

"मग तुमचा संबंध काय?"

मी फोन हिसकावायला उठले. मावशीने मला हातानेच खाली बसवलं.

"संबंध असा, की तुमच्या शब्दावर विसंबून माझी भाची कोंबड्या पाळते. तुम्हाला नुसता शब्द पाळायचाय. त्याला तर दाणाही घालावा लागत नाही."

पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. साहेब नाही हसले. मावशीने त्यांनाही विचारलं, "शंभरातली किती?"

"शंभरातली अकरा," ते हळूच म्हणाले.

"आभारी आहे. हे तुम्ही लोकांना सांगाल, की आम्ही सांगू?"

कंपनीने सांगितलं. साहेबांना काही साक्षात्कार वगैरे झाला नव्हता. आपण छापलं नाही तर मावशी मंडळ गावभर करेल, हे त्यांना कळलं होतं. आकडा बाहेर आल्यावर दुकानदार विचारू लागले, गिऱ्हाइकं विचारू लागली, आणि कंपनीला आमच्यासारख्यांच्या शेड शोधत फिरावं लागलं. अजून शंभरातली शंभर झालेली नाहीत. मंडळाचे फोन अजून जातात. आमची अंडी मात्र त्यांच्याकडे जायला लागली, योग्य भावाने. मावशीचे हे उपकार मी कसे फेडणार? ती फेडूही देत नाही.

त्या गडबडीत पिंजरेवाल्याला नको म्हणायचं राहूनच गेलं. एका दुपारी त्याचा टेम्पो फाटकाशी येऊन उभा राहिला. नवऱ्याने हात जोडून त्याला परत पाठवलं. मी शेडमध्ये गेले. कोंबड्या भुशात अंग घोळत होत्या, एक माझ्या पायाशी येऊन उभी राहिली. मावशी नसती, तर त्या दुपारी मी एकेकीला उचलून माझ्याच हातांनी पिंजऱ्यात घातलं असतं. आणि हात ओळखीचे म्हणून त्या जराही फडफडल्या नसत्या.