मोशीच्या देवळात अडलेला कौल

बार्शीच्या स्टँडवर पहाटे एसटीत बसले तेव्हा माझा विचार पक्का होता. मोशीला जाऊन दिनकरची ट्रंक घ्यायची, भोसरीच्या कंपनीत एका कागदावर सही करायची आणि परत यायचं. दिनकर माझा धाकटा भाऊ. आईवडिलांच्या मागे मीच त्याला वाढवलं. प्रेस मशीनमध्ये सापडून तो गेला, त्याला सतरा दिवस झाले होते. अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला हे मला मान्य आहे, असं त्या कागदावर आधीच टाइप केलेलं होतं.

पुण्यात मी चुकीच्या बसमध्ये बसले आणि दिघीला उतरले. समोर लष्कराचं तारेचं कुंपण. पहाऱ्यावरचा जवान बोलण्यावरून आमच्याच बाजूचा वाटला. "कारखाने तिकडं, बाई. हिकडं नुसती गोळीबाराची प्रॅक्टिस," तो हसून म्हणाला आणि त्यानेच एका टेम्पोला हात केला.

भोसरी मागे पडली की पत्र्याच्या शेड संपून कांद्याचे वाफे लागतात. त्यांच्या कडेने इंद्रायणी वाहते आणि तिच्या काठी मोशी. तिथे ज्ञानोबाच्या घरी दिनकर भाड्याने राहायचा. दोघे एकाच खात्यात कामाला. ज्ञानोबाच्या बायकोने हुलग्याचं माडगं (पातळ कढण) आणि भाकरी वाढली. दिनकर हेच मागून खायचा, म्हणाली. माझ्याकडे त्याने कधी माडग्याला तोंड लावलं नव्हतं.

"मशीनला हातापुढं जाळी असती, गार्ड म्हनत्यात तिला," ज्ञानोबा सांगू लागला. "माल जास्ती निघावा म्हनून सायबानं ती काढाया लावली. दिनकर रोज भांडायचा त्यावरून. आन् त्यालाच निष्काळजी म्हनत्यात!"

हे मला कुणी कळवलं नव्हतं.

"उद्या तीनच्या शिफ्टला आमी गेटाबाहेर उभं ऱ्हानार. गार्ड बसल्याबिगर आत पाय न्हाई ठेवायचा."

"आणि मी सही केली तर?"

त्याने हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मंग आमी कशासाठी उभं ऱ्हायाचं, ताई?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भैरोबाच्या देवळात चाळीसेक कामगार जमले. त्यांना कौल (देवाचा होकार किंवा नकार) हवा होता. गुरवाने मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला पाण्याने दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं घातलं. सगळे पायरीशी बसले. कळ्या हलेनात. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. तरीही काही नाही. वेळेत गेट गाठायला दोनला निघायला हवं होतं आणि दोन वाजत आले होते.

सोनवणे नावाचा त्यांचा सोबती देवळाबाहेर लिंबाखाली उभा होता. तो बौद्ध, देवळात येत नसे. तिथूनच ओरडला, "राव, गार्ड काढली तेव्हा कुणी कौल लावला होता का?"

"गप रे भावा! देवाच्या दारात तरी जिभेला गार्ड लाव," कुणीतरी म्हणालं. हसू फुटलं आणि लगेच विझलं. दोघेजण चपला शोधायला लागले. ते गेटवर नव्हे, घरी निघाले होते.

मी शाळेत इतिहास शिकवते. गर्दीत बोलायची मला सवय नाही, पण बोलले. "ग्रीक लोकसुद्धा असंच करायचे. लढाईआधी बोकड कापून त्याचं काळीज बघायचे. शकुन नसला तर दुसरा बोकड. एका लढाईत स्पार्टाचे सैनिक अंगावर बाण घेत बसून राहिले, कारण शकुनच येईना."

"व्हय? मंग?" ज्ञानोबाने विचारलं.

"मग शेजारच्या गावची तुकडी शकुनाची वाट न बघता उठली. ती चालून गेली आणि त्यानंतर शकुन आला, असं लिहून ठेवलंय."

"म्हणजे देवच मागनं आला म्हणा की, बाई!" सोनवणे म्हणाला.

मी उठले, चपला घातल्या. "मला गेट दाखवायला कुणीतरी चला."

आधी सोनवणे आला. मग ज्ञानोबा. वेशीपाशी वळून पाहिलं तर चपला शोधणारे ते दोघेही मागे होते. गुरव धोतर सावरत पळत आला, "उजवी पडली! उजवी पडली हो!" कुणी थांबलं नाही.

गेटवर साहेबाने मला एकटीला ऑफिसात बोलावलं. मी म्हटलं, इथेच आणा कागद. चाळीस माणसांसमोर मी टाइप केलेलं वाक्य खोडलं आणि खाली सावकाश लिहिलं: 'मशीनची जाळी कंपनीने काढली होती. माझा भाऊ निष्काळजी नव्हता.' त्याखाली सही केली. साहेब म्हणाला, असा कागद चालणार नाही. "मग दुसरा मिळणार नाही," मी म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी दिनकरची ट्रंक घेऊन बार्शीला परत निघाले तेव्हाही शिफ्ट बाहेरच उभी होती.

शाळेत मुलं अजून विचारतात, तो शेवटचा कौल खरा होता का? गुरव खोटं बोलला असं मला वाटत नाही. देवाने होकार दिला असेल. पण आम्ही त्याच्या आधी निघालो होतो, एवढं लिहून ठेवते.