शेठच्या गादीवर

"वर चढू नको. तिथूनच दे," शेठ म्हणाले. पायरीखाली केरसुण्यांचा भारा घेऊन उभी असलेली बाई माझी आई होती. मी शेठच्या गादीवर बसलो होतो. मी तिला ओळख दिली नाही. ही माझी चूक. आधी तीच सांगतो.

मी तेव्हा शहरात राहून बारावी कॉमर्स करत होतो. प्रत्येकानं एका दुकानाची माहिती घेऊन प्रकल्प लिहायचा, त्यावर दुकानाचा शिक्का आणायचा, असं सरांनी सांगितलं होतं. वर्गातल्या नीलेशच्या वडिलांचं, म्हणजे याच शेठचं, गुलमंडीच्या बाजारात कापडाचं दुकान. आमची बिडकीनला शेती आहे, असं मी त्याला सांगितलेलं. शेती नव्हती. आई शिंदीची पानं आणून केरसुण्या बांधायची, शहरात आणून विकायची. आम्ही मांग. जात लपवली म्हणून नीलेशशेजारी गादीवर बसायला मिळालं.

दिवाळी तोंडावर होती. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लागते. शेठनं एक घेतली, पैसे पायरीवर टाकले. मग केरसुणीवर पाणी शिंपडलं आणि ती आत देवापाशी नेऊन ठेवली. पूजा केरसुणीची. विटाळ ती बांधणारीचा.

आईनं पैसे उचलले. माझ्याकडं बघितलं. माझ्या वहीकडं बघितलं.

"लेकरं शिकतेत व्हय, शेठ?"

"कॉलेजची पोरं आहेत. तू नीघ आता."

"शिका रे बाबांनो. लई शिका."

एवढं बोलून ती गेली. मला वाईट वाटलं नाही. आज पन्नाशी गाठली, तरी तेच आठवतं. वाईट वाटलं नाही. खाली मान घालून मी 'मालाची साठवण' हा मुद्दा पुरा केला.

दिवाळीच्या सुट्टीत बिडकीनला घरी गेलो. तिनं भाकरी वाढली. शेजारी बसून जेवलो.

सुट्टीनंतर वर्गात प्रकल्प वाचला. सर खूश झाले. नीलेश बाकावरून ओरडला, "सर, एक मांगीण आली होती दुकानात. हा गडी वहीत तोंड खुपसून बसला. विटाळ होईल म्हणून!"

वर्ग हसला. मीही हसलो. माझंच हसणं माझ्या कानांवर आलं. थांबलो.

"ती माझी आई आहे."

सर म्हणाले, "बरं. बस खाली. विषयाचं बोल."

मी बसलो नाही. "विषयाचंच बोलतोय, सर. कच्चा माल ती आणते. माल ती बनवते. डोक्यावर वाहून ती विकते. हा प्रकल्प मी परत घेतो. दुसरा लिहितो, तिच्या धंद्यावर."

"आणि शिक्का?"

"तिचा अंगठा आणतो."

"चालणार नाही. मार्क जातील."

"जाऊ द्या."

नीलेश त्या दिवसापासून माझ्या बाकावर बसला नाही. मी बाक बदलला नाही.

त्याच संध्याकाळी एसटीनं बिडकीनला गेलो. आई दारात पानं चिरत बसली होती. शेजारच्या बायांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो.

"आई, शेठच्या दुकानात मी तुला ओळख दिली नाही. मला तुझी लाज वाटली. ती लाज शेठची होती, मी ती माझी करून घेतली. इथून पुढं कुणाच्याही गादीसाठी तुला नाकारणार नाही. माझं चुकलं. मला माफ कर."