राखणीची जोडी

कमलबाईला देवानं डोळे दोनच दिले, पण संशय मात्र पोतंभर दिला. गंगाखेडच्या बाजारात तेलाची बाटली उन्हात धरून पाहिल्याशिवाय तिनं कधी पैसे काढले नाहीत. एसटीत बसली की कंडक्टरनं दिलेलं तिकीट ती शेजारणीच्या तिकिटाशी ताडून बघायची. जावयानं सणाला साडी आणली, तर कौतुक राहिलं बाजूला, ह्याचं आता काय काम अडलंय, हेच तिच्या मनात आधी यायचं. भोईगल्लीतली पोरं तिला पाठीमागं ‘फौजदारीण’ म्हणायची. तिला ते ठाऊक होतं, आणि कोणकोण म्हणत असेल याचाही तिचा अंदाज तयार होता.

अशी बाई घरात असली की घरच्यांचा जीव मेटाकुटीला येतो. पण तळ्याला अशीच बाई लागते, हे गल्लीला यंदा पटलं.

वाघदरीच्या तळ्यावर सगळ्या भोईगल्लीची चूल पेटते. मच्छीमार सोसायटी दरसाल राहू आणि कटला माशांची पिल्लं आणून तळ्यात सोडते. पावसाळ्यात नवं पाणी आलं की मोठा मासा अंडी घालायला काठाच्या उथळ पाण्यात येतो, आणि तेव्हा तो कुणालाही हातानं धरता येतो. म्हणून पावसाळाभर जाळं बंद. बंदी उठली की घरामागं रोजचा वाटा ठरलेला, वाट्याच्या वर काढायचा नाही. नियम चांगलाच होता, फक्त तो कुणी पाळत नव्हतं. मागची दोन सालं बंदीतच चोरून मासे निघाले, आणि हिवाळ्यात जाळ्यांना शेवाळाशिवाय काही लागेना. निम्मी तरणी माणसं पुण्याला वॉचमन झाली. आणखी एक साल तसं गेलं असतं तर गल्लीच उठली असती.

राखणदार नेमायची सोसायटीची एक जुनी रीत होती. दोघं नेमायचे, आणि दोघंही एकमेकांचं तोंड न बघणारे. दोस्त नेमले तर मिळून खातात. वैरी नेमले तर एक डोळा तळ्यावर राहतो आणि दुसरा जोडीदारावर. मधल्या काळात चेअरमन दत्तरावांनी ही रीत गुंडाळून ठेवली होती. यंदा गल्लीनं हट्टानं ती परत आणली, आणि कमलबाईच्या जोडीला सटवाजीला बसवलं.

सटवाजी तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. या दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य सगळ्या गल्लीला माहीत होतं. कमलबाईच्या लेकीचं, प्रियांकाचं, सेलूला जमत आलेलं लग्न मोडलं, तेव्हा सोयऱ्यांचे कान सटवाजीनंच भरले, असं कमलबाईचं ठाम मत होतं. पुढं प्रियांकाला त्याहून चांगलं घर मिळालं, पण कमलबाईनं मत बदललं नाही. नवरा गेला, त्याच्या दहाव्याला सटवाजी आला, तरी ती त्याच्याशी चकार शब्द बोलली नव्हती.

राखणीचे पहिले दिवस दोघं तळ्याच्या भिंतीवर इतक्या अंतरानं बसायची की मधून बैलगाडी गेली असती. सटवाजी लघवीला उठला तरी कमलबाईची मान त्याच्यामागं वळायची. एकदा तर तिनं त्याची डब्याची पिशवी ओढून आत हात घालून पाहिला. पिशवीत भाकर आणि ठेचा निघाला. तो काही बोलला नाही, पिशवी परत घेतली आणि जेवायला बसला. त्याच्या या गप्प राहण्यातच पाणी मुरतंय असं तिला वाटायचं.

शेवटी तिनं डाव टाकला. एका दुपारी, “माझं डोकं दुखायलंय, मी घरला जाते,” म्हणून ती निघाली, आणि वळसा घालून बाभळींच्या आड येऊन बसली. काटे टोचत होते, चिलटं डोळ्यांत जात होती. बराच वेळ सटवाजी नुसता बसून होता. मग एकाएकी उठला, इकडंतिकडं न बघता धोतर खोचलं आणि पाण्यात उतरला. कमलबाईच्या छातीत आनंद मावेना. इतक्या वर्षांचा चोर आज सापडत होता.

उथळ पाण्यात, दगडांच्या खोबणीत एक कटला अडकून तडफडत होता. अंड्यांनी पोट तटतटलेलं. सटवाजीनं दोन्ही हातांनी तो उचलला, छातीशी धरला, आणि काठाकडं यायचं सोडून तो खोल पाण्याकडं चालू लागला. कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर त्यानं मासा अलगद सोडला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभा राहिला. मग येऊन आपल्या जागेवर धोतर पिळत बसला.

दुसऱ्या दिवशी तो याबद्दल बोलेल म्हणून कमलबाई वाट बघत राहिली. चांगलं काम करून ते न सांगणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. तो बोललाच नाही. त्या दिवसापासून तिला मोठं चमत्कारिक वाटू लागलं. एका माणसावर तिला शक घेता येईना, आणि खरं सांगायचं तर ते तिला फार आवडलं.

हळूहळू बैलगाडीची जागा मिटली. तो तिला ‘वैनी’ म्हणू लागला, ती त्याला ‘भावजी’. घरून आणलेला चहा दोघं एकाच थर्मासातून प्यायची. एकदा बोलता बोलता त्यानं सेलूच्या लग्नाची गोष्ट काढली, तर तिनंच त्याला थांबवलं. “ऱ्हाऊ द्या भावजी. झालं ते झालं.”

पण गल्लीला डोळे असतातच. बंदी उठायला थोडेच दिवस राहिले असताना दत्तरावांनी समाजमंदिरात बैठक बोलावली.

“राखणदार एक झालेत,” दत्तराव म्हणाले. “एका थर्मासातनं चहा पितेत, समद्यांनी बघितलंय. मग राखण कशाची? रीत तुमीच परत आणली, आता रीतीनं जोडी बदलायची. आमचा महारुद्र हाय, पंडित हाय. दोघांचं पटत न्हाई.”

महारुद्र आणि पंडित हे दत्तरावांचे भाचे. त्यांचं पटत नव्हतं हे कालपासूनच कळायला लागलं होतं. आणि परवाच कमलबाईनं महारुद्रच्या पडवीत नवं कोरं जाळं पाहिलं होतं, बोटभर पिल्लूही सुटू नये असं बारीक. पुरावा म्हणावा तर काही नव्हता. पण हे दोघं भिंतीवर बसले की तळं आठवड्यात रिकामं होणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

दत्तराव तिच्याकडं वळले. “काकू, तुमीच सांगा. सटवाजीवर तुमचा भरवसा हाय का न्हाई?”

सटवाजी दाराशी बसला होता. त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडी ‘हाय’ आलं होतं. ते बाहेर पडलं की तळं गेलं.

“काडीचा न्हाई,” कमलबाई म्हणाली.

“मग चहा?”

“जवळ बसल्याबिगर नजर कशी ठिवावी?”

“असं बोलून चालत न्हाई काकू. काही बघितलंय का?”

खोटं रचायला वेळ नव्हता, म्हणून तिनं खऱ्यातलंच अर्धं उचललं. “बघितलंय. मी घरला गेले म्हनून सांगितलं आन् झाडाआड बसले. ह्यो पान्यात उतरला. हातात मासा हुता, मोठा कटला.”

“पुढं?”

“पुढचं मला दिसलं न्हाई.”

समाजमंदिरात गलका झाला. कुणी म्हणालं दंड करा, कुणी म्हणालं पुरावा कुठाय. शेवटी म्हातारे बन्सीधर काठी आपटून म्हणाले, “इतका शक घेनारी बाई बसवलीय, अजून काय पायजे? हीच जोडी ऱ्हाऊ द्या.” दत्तरावांना गप्प बसावं लागलं. सटवाजी उठला आणि चपला घालून गेला.

उरलेले दिवस तो राखणीला येत राहिला. भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला बसायचा. कमलबाई जवळ गेली की उठून लांब जायचा. बंदी काटेकोर पाळली गेली, एक पिल्लू चोरीला गेलं नाही.

बंदी उठली त्या सकाळी जाळी ओढता ओढवेनात. बाया काठावर हसत होत्या, पुण्याला फोन लागत होते, कुणीतरी येऊन कमलबाईला पेढा दिला. ती तो मुठीत धरून सटवाजीला शोधत गेली. आपल्या वाट्याची टोपली भरून तो निघायच्या बेतात होता.

“भावजी, ते मी तळ्यासाठी बोलले,” ती घाईनं म्हणाली. “महारुद्र बसला असता तर ह्यातलं काय बी ऱ्हायलं नसतं. तुमी मासा सोडला ते मी बघितलंय. तुमच्यावर माझा लय भरवसा हाय.”

सटवाजीनं टोपली खाली ठेवली. राग त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. ती ज्या नजरेनं आयुष्यभर लोकांना बघत आली, तीच नजर होती.

“आसंल, कमलबाई,” तो म्हणाला. “पन तवा खोटं बोलल्या का आता बोलायलाव, हे मी कशावरून ठरवू?”

त्याच्या जागी कमलबाई असती तर तिनंही हेच विचारलं असतं, आणि समोरच्यानं काहीही सांगितलं तरी ते मानलं नसतं.