निळं राहिलेलं पाणी

मला लिहायची सवय नाही. पण थोरल्या भावाबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून बसलो.

दादा कारखान्यात तीस वर्षं भट्टी सांभाळत होता. तिथे डोलोमाइट नावाच्या दगडाचे खडे भाजायचे. नीट भाजले की त्यांना आतून बारीक भोकं पडतात आणि ते पाण्यातली घाण धरून ठेवतात. आच हळूहळू चढवावी लागते. जास्त झाली की खडा दिसतो देखणा, पांढराशुभ्र, पण भोकं मिटलेली. मग तो काहीच शोषत नाही. भट्टीचा तापमापक कधीचाच बंद पडला होता. साहेबांनी तो दुरुस्त केला नाही, कारण दादा झरोक्यातून धगीचा रंग बघूनच आच ठरवायचा. वहिनी म्हणायची, "भट्टीचा रंग बरोबर कळतो. माझ्या तोंडाचा उडालेला दिसत नाही."

मी तपासणीच्या खोलीत होतो. मूठभर खडे निळ्या पाण्याच्या पेल्यात टाकायचे, तासाभरात निळा रंग गेला की माल पास.

एका दुपारी पाणी तसंच निळं राहिलं. दादाने पेला खिडकीशी धरला.

"गेला ना रे रंग?"

मला वाटलं, थट्टा करतोय. मग त्याने पेला डोळ्यांना अगदी टेकवला, तेव्हा समजलं. धग त्याला मंद दिसायची, म्हणून तो आच वाढवत होता.

त्याच्यापुढे मी कधी मान वर केली नव्हती. म्हणालो, "गेला, दादा."

"मग? म्हातारा झालो म्हणतात मला," तो हसला.

घरी गेल्यावर सांगू, असं ठरवलं. जीभ उचलली नाही. आणखी तीन पेले निळे राहिले आणि मी तिन्ही पास लिहिले.

माल परत आला. दादा साहेबांना म्हणाला, "पेले मीच बघितले. त्याला काही बोलू नका." दादाला घरी बसवलं, भट्टी दुसऱ्याकडे गेली.

मोतीबिंदू होता. ऑपरेशन अर्ध्या तासात उरकलं. पट्टी निघाल्यावर त्याने मला त्याच मालातले खडे आणि निळं पाणी आणायला लावलं. तासभर आम्ही समोरासमोर बसलो. मग त्याने पेला उजेडात धरला.

"एवढं निळं होतं?"

"हो."

"सांगायचंस रे. अर्ध्या तासाचं तर काम होतं."

पेला त्याने हळूच माझ्यापुढे ठेवला. भट्टीचा विषय त्यानंतर त्याने मरेपर्यंत काढला नाही. मीही नाही.