घरापर्यंत सोबत

काकू मुळात काकू नव्हती. मोठ्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात तिनं पहिल्यांदा मदतीचं टेबल मांडलं तेव्हा ती नुकती कॉलेजातून बाहेर पडली होती आणि सगळे तिला ताई म्हणत. मग एका वर्षी मदतीला नव्यानं आलेल्या कुण्या पोरानं ‘काकू’ अशी हाक मारली, बाकीची पोरं फिदीफिदी हसली, आणि ते नाव जे चिकटलं ते कायमचं. लग्न केलं नाही, सख्खा पुतण्या एकही नाही, पण काकूपद तेवढं फुकटात पदरात पडलं.

टेबलाचं काम सांगायला सोपं होतं. एवढ्या मोठ्या रुग्णालयात एकटा आलेला माणूस हरवतो. केसपेपरची खिडकी पुढे, रक्त द्यायचं मागच्या इमारतीत, एक्स-रे तळघरात, आणि औषधं पुन्हा पुढच्याच खिडकीशेजारी. त्यात वय झालेलं, ऐकू कमी येत असलं, तर विचारूच नका. अशा माणसाचा हात धरून खिडकी-खिडकी फिरायचं, डॉक्टर काय म्हणाले ते समजावून सांगायचं. हे सगळं करायची ती कॉलेजातली पोरं. काकूनं त्यांना नियम एकच घालून दिला होता: फाटकाशी ज्याचा हात धरला, त्याला त्याच्या घराच्या दारातच सोडायचं. अर्ध्यात सोडायचं नाही.

या नियमामागे तिचे वडील होते. डोळे तपासायला ते एकटेच गेले, कारण त्या दिवशी हिची परीक्षा होती. तपासणी व्यवस्थित झाली. पण डोळ्यांत औषध घातलेलं, समोरचं सगळं धूसर, आणि ते भलत्याच बसथांब्यावर जाऊन दिवेलागणीपर्यंत बसून राहिले. कुणीतरी घरी आणून सोडलं. ‘काही झालं नाही गं,’ म्हणाले, पण पुन्हा त्या रुग्णालयाची पायरी चढायला कबूल झाले नाहीत. डोळे जायचे ते गेले.

तर ते टेबल चालायचं अनुदानावर. तरुणांनी चालवलेल्या सामाजिक कामांना पैसे देणारी एक संस्था होती, तिच्याकडे काकू दर वर्षी अर्ज करायची. दुपारी शाळेच्या कार्यालयातली नोकरी, सकाळी टेबल, आणि उरल्यासुरल्या वेळात अर्ज. संस्थेचा आवडता शब्द दर वर्षी बदलायचा. एकदा सक्षमीकरण, एकदा नेतृत्व, एकदा नवकल्पना. काकू बिचारी तेच मूल दर वर्षी नवं झबलं घालून पुढे करायची. त्याचा तिला आताशा इतका कंटाळा आला होता की ‘परिणाम’ हा शब्द दिसला तरी डोकं दुखायचं. आईनं एकदा विचारलंही, “अगं, लोकांना दवाखान्यात न्यायला एवढं लिहावं लागतं?”

“नेण्याला नाही आई, नेतो हे सांगायला लिहावं लागतं.”

या वर्षी मात्र घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. प्रमुख तिशीच्या आतलाच हवा, आणि मुलाखतीत उत्तरं तरुणांनीच द्यायची, अशी अट आली. काकूनं तिशी कधीच ओलांडली होती. यंदा अनुदान मिळालं नसतं तर महिनाअखेर टेबल उचलावं लागणार होतं. म्हणून तिनं पोरांमधल्या टकळीला प्रमुख केलं. ही मुलगी दिवसभर बोलायची, म्हणून टकळी. काकूनं तिच्याकडून महिनाभर उत्तरं घोकून घेतली. टकळीनंही निमूट घोकली, आणि ती निमूट आहे यात काहीतरी चुकतंय हे काकूच्या ध्यानातच आलं नाही.

मुलाखतीच्या खोलीत काचेचं लांब टेबल होतं. भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो. टकळी आणि दोघे पोरगे पुढे बसले, काकू मागे भिंतीशी, निव्वळ पाहुणी म्हणून. समोरच्या तिघांत एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला आणि तिन्ही माना गर्रकन मागे वळल्या. काकूनं डोळ्यांनीच खूण केली, टकळीनं घोकलेलं म्हटलं. दुसरा प्रश्न. पुन्हा तिन्ही माना मागे. इतक्या वर्षांची सवय ती, अशी एका दिवसात थोडीच जाते? कुठलाही रुग्ण, कुठलीही अडचण, काकूला विचारायचं. आणि काकूनं उत्तर द्यायचं. तिनंच लावलेली खोड तिच्यासमोर तीन-तीन माना वळवून बसली होती.

बाईंनी चष्मा काढला. “राग मानू नका,” त्या काकूला म्हणाल्या, “पण ही मुलं तुमच्या ओंजळीनं पाणी पितायत. मग हे काम तरुणांचं कसं म्हणायचं?”

काकूला राग आला. बाईंचा, अटीचा, पोरांचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. ती उठली. “मी बाहेर थांबते,” म्हणाली. टकळीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

दार नीट लागलं नाही. बाहेरच्या बाकावर काकूला आतलं सगळं ऐकू येत होतं.

“मागितले त्याच्या निम्मेच पैसे मिळाले,” बाईंनी विचारलं, “तर काय कमी कराल?”

हा प्रश्न घोकलेला नव्हता. काकूच्या ओठांवर उत्तर तयार होतं, तिनं ते दातांखाली धरून ठेवलं.

“घरापर्यंत सोडायला जाणं बंद करू,” टकळी म्हणाली.

काकू दाराच्या फटीकडे वळली.

“का?” बाईंनी विचारलं.

“कारण मी एका आजींना घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते, तेवढ्या वेळात इथे खिडकीशी तिघं-चौघं एकटी उभी असतात. त्यांचा हात धरायला कुणी नसतं. घरच्यांना फोन करता येतो, शेजाऱ्यांना थांब्यावर बोलावता येतं. ज्याला कुणीच नाही, त्याच्याबरोबरच जायचं. आम्ही आपसात हे कितीदा बोललोय.”

“मग इतके दिवस केलं का नाही?”

“काकूंना कोण सांगणार? तो नियम त्यांच्या वडिलांचा आहे.”

काकू बाकावर तशीच बसून राहिली. वाईट वाटलं, खूप वाटलं. त्याहून वाईट हे, की पोरगी बरोबर बोलत होती. खिडकीशी एकटी उभी राहणारी माणसं काकूला रोज दिसायची, पण तिची नजर कायम त्या एका बसथांब्यावर लागलेली असायची.

निकाल त्याच संध्याकाळी तोंडी कळला. अनुदान मंजूर, टकळीच्या नावावर, टकळीच्या पद्धतीनं. पोरगे उड्या मारत निघून गेले. काकूनं सगळ्यांचं कौतुक केलं, पाण्याची बाटली पिशवीत कोंबली आणि थांब्याकडे चालू लागली. पाय असे भरून आले होते, जणू इतक्या वर्षांतलं चालणं आजच मोजून घ्यायला आलं होतं.

थांब्यावर पाहते तर टकळी शेजारी उभी.

“तुझी बस पलीकडून ना गं?”

“हो.”

“मग इकडे काय करतेस?”

“तुम्हाला सोडायला येतेय. घरापर्यंत.” टकळीचे डोळे भरले होते. “काकू, तुम्ही बाहेरून ऐकलंत ना सगळं?”

“ऐकलं. बरोबर बोललीस.” काकूनं नाक पुसलं. “पण घरापर्यंत जाणं तर बंद केलंस ना?”

“उद्यापासून.”

बस आली. टकळीनं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि कोपराला धरून तिला वर चढवलं, काकूनंच शिकवलं होतं तसं. काकू खिडकीशी बसली आणि आपला थांबा कुठे येतो हे न बघता तिनं डोळे मिटून घेतले.